शाब्दिक उदाहरणे

गणिताच्या तासाला गुरुजी फळ्यावर बेरजा, वजाबाक्या आणि गुणाकार घालतात, तेव्हा वर्गातील बहुतेक वह्या झराझर भरत जातात. परंतु त्याच संख्या एखाद्या दुकानदाराच्या, शेतकऱ्याच्या किंवा आगगाडीच्या हकिकतीत गुंफून दिल्या, की लेखण्या थबकतात आणि मागच्या बाकावरून ठरलेला प्रश्न येतो, "गुरुजी, बेरीज करायची की वजाबाकी?" गुरुजींनी 'वजाबाकी' एवढा एकच शब्द उच्चारला, तरी अडलेले उदाहरण क्षणात सुटते. यावरून एक गोष्ट उघड होते. त्या विद्यार्थ्याला वजाबाकी उत्तम येत होती. ती येथे करावयाची आहे, हे मात्र समोरच्या मजकुरातून त्याला उमगले नव्हते. त्याचे घोडे अडले ते वाक्यांपाशी. तरीही तो घरी जाऊन सांगतो, "मला गणित येत नाही." हा निकाल तो स्वतःवर फार लवकर देतो, आणि तोही चुकीच्या कलमाखाली!

शाब्दिक उदाहरण हा प्रथम भाषेचा एक उतारा असतो. तो वाचून त्याचा अर्थ लावावा लागतो, आणि मगच गणिताला आरंभ होतो. हा क्रम उलटा झाला म्हणजे काय घडते, याचा एक मासला प्रसिद्ध आहे. फ्रान्स देशातील ग्रेनोबल या शहरी गणिताच्या शिक्षणाचा अभ्यास करणाऱ्या मंडळींनी १९७९ च्या सुमारास लहान मुलांना एक प्रश्न घातला. एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर जहाजाच्या कप्तानाचे वय किती? प्रश्न विचारण्यात आलेल्या ९७ मुलांपैकी ७६ मुलांनी दिलेल्या संख्यांवर काहीतरी क्रिया करून वय काढून दाखविले. २६ आणि १० मिळून ३६; तेव्हा कप्तान छत्तीस वर्षांचा! कप्तानाच्या वयाला हे दिसावयास अगदी शोभेल असे उत्तर आहे, हा त्यातील गमतीचा भाग.

ही मुले मंदबुद्धीची होती असे कोणी समजू नये. हाच प्रश्न खेळाच्या मैदानावर एखाद्या सवंगड्याने विचारला असता, तर ती पोट धरून हसली असती. परंतु शाळेच्या अनुभवाने त्यांना काही अलिखित नियम शिकविले होते. प्रत्येक उदाहरणाला उत्तर असतेच. ते उदाहरणात दिलेल्या संख्यांतूनच निघते. आणि दिलेली एकही संख्या वाया जात नाही. या नियमांवर विसंबून राहिले म्हणजे वाचण्याचे श्रम वाचतात. संख्या उचलाव्यात, एखादी क्रिया करावी आणि खाली दोन रेघा ओढाव्यात. वस्तुतः 'दिलेल्या माहितीवरून हे सांगता येत नाही' हेही एक पूर्ण आणि अचूक उत्तर आहे. मात्र ते लिहिण्यास थोडे धैर्य लागते.

न वाचता उदाहरण सोडविण्याची दुसरीही एक पळवाट आहे. 'एकूण' हा शब्द दिसला की बेरीज, 'उरले' दिसले की वजाबाकी, 'प्रत्येकी' दिसले की भागाकार, अशी खूणगाठ कित्येक विद्यार्थी बांधून ठेवतात. ही युक्ती दहा ठिकाणी उपयोगी पडते आणि अकराव्या ठिकाणी दगा देते. थोरल्या बहिणीजवळ ४८ चिंचोके आहेत. धाकट्या भावाच्या चिंचोक्यांपेक्षा ते १५ ने अधिक आहेत, तर भावाजवळ किती? येथे 'अधिक' हा शब्द ठळकपणे समोर उभा आहे. त्याच्या नादी लागून जो ४८ आणि १५ यांची बेरीज करील, त्याच्या हिशेबाने भावाजवळ ६३ चिंचोके होतील, म्हणजे बहिणीहून धाकटाच श्रीमंत ठरेल! वाक्य पुन्हा एकदा सावकाश वाचले, आणि 'अधिक कोणाजवळ?' एवढाच प्रश्न मनाला विचारला, तर वजाबाकी आपोआप सुचते. उत्तर ३३.

गणित आणि भाषा यांची ही जवळीक आपल्याकडील जुन्या विद्वानांना चांगली ठाऊक होती. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इसवी सन १११४ मध्ये झाला. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेल्या विज्जडवीड या गावी आपले कुळ राहत होते, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० साली, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ पूर्ण केला. त्याचा अंकगणितावरील भाग म्हणजे सुप्रसिद्ध 'लीलावती' होय. लीलावती ही आचार्यांची कन्या होती, अशी गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. परंतु ती गोष्ट अकबर बादशहाच्या दरबारातील कवी फैजी याने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतराबरोबर पसरली. मूळ ग्रंथात ती नाही. तेथे प्रश्नांमधून एका हरिणाक्षी बालिकेला नुसती हाक मारलेली आढळते. खानदेशात चाळीसगावाजवळ पाटण येथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापन केल्याची नोंद त्या लेखात आहे.

'लीलावती'तील उदाहरणे श्लोकबद्ध आहेत. श्लोकात कर्ता एका टोकाला, क्रियापद दुसऱ्या टोकाला आणि विशेषण तिसऱ्याच चरणात, अशी शब्दांची पांगापांग झालेली असते. म्हणून शिष्याला आधी अन्वय लावावा लागे. कोणता शब्द कोणाशी जोडावयाचा, 'त्या दोघांचा' म्हणजे नेमका कोणाचा, हे ठरल्यावाचून एकही अंक मांडणे शक्य नसे. आजची उदाहरणे साध्या गद्यात छापलेली असतात, त्यामुळे ती सोपी वाटतात. अन्वय लावण्याचे काम मात्र आजही टळलेले नाही.

भास्कराचार्यांचे भुंग्यांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. त्याचा आशय असा. भुंग्यांचा एक थवा होता. थव्याचा पाचवा भाग कदंबाच्या फुलांवर गेला आणि तिसरा भाग शिलींध्राच्या फुलांवर गेला. या दोहोंच्या अंतराची तिप्पट कुड्याच्या फुलांकडे वळली. एक भुंगा तेवढा मागे राहिला. इकडे केतकीचा सुवास आणि तिकडे मालतीचा, अशा पेचात सापडून तो हवेतच घिरट्या घालीत होता. तर थव्यात भुंगे किती?

प्रथम प्रश्न पाहावा. काय काढावयाचे आहे? संपूर्ण थव्याची संख्या. काय दिले आहे? एक पंचमांश, एक तृतीयांश, त्यांच्या अंतराची तिप्पट, आणि मागे उरलेला एक. आता 'अंतर' या शब्दाशी थांबले पाहिजे. मराठीत अंतर म्हणजे दोन ठिकाणांमधील लांबीही होते. घाईने वाचणारा विद्यार्थी कदंबाचे झाड शिलींध्रापासून किती दूर होते, याच्या शोधास लागेल! येथे अंतर म्हणजे दोन संख्यांतील फरक. 'या दोहोंच्या' म्हणजे कदंबावर गेलेले आणि शिलींध्रावर गेलेले, या दोन टोळ्यांच्या. आणखी एक खाच आहे, आणि पुष्कळ जण तेथेच पडतात. तिसरा भाग कशाचा? सबंध थव्याचा, की कदंबावर गेलेले भुंगे वजा करून जे उरले त्यांचा? उदाहरणात 'उरलेल्यांचा' असा शब्द नाही. म्हणून दोन्ही भाग सबंध थव्याचेच मानले पाहिजेत.

अर्थ असा निश्चित झाल्यावर एक लांबट पट्टी काढावी. तिचे पाच सारखे भाग पडले पाहिजेत आणि तीन सारखे भागही पडले पाहिजेत. म्हणून तिच्यात पंधरा घरे आखावीत. पट्टीचा पाचवा भाग म्हणजे ३ घरे, ती कदंबाची. तिसरा भाग म्हणजे ५ घरे, ती शिलींध्राची. दोहोंचे अंतर २ घरे आणि त्याची तिप्पट ६ घरे, ती कुड्याची. तीन, पाच आणि सहा मिळून १४ घरे भरली. पंधरांपैकी एकच घर रिकामे राहिले, आणि भुंगाही एकच उरला आहे. म्हणजे एका घरात एक भुंगा. थव्यात १५ भुंगे होते.

गणित येथे किती थोडे लागले! जेवढी खटपट झाली, ती जवळजवळ सगळी शब्दांचा अर्थ लावण्यात झाली. आणि तो अर्थ चुकला असता तर? समजा, तिसरा भाग 'उरलेल्यांचा' मानला. मग कदंबावर ३ घरे जातात, उरलेल्या १२ घरांचा तिसरा भाग ४ घरे होतो, अंतर १ आणि त्याची तिप्पट ३. एकूण १० घरे भरतात आणि ५ घरे रिकामी राहतात. त्या पाच घरांत मिळून एक भुंगा, म्हणजे सबंध थव्यात अवघे ३ भुंगे! त्या तिघांचा पाचवा भाग कदंबावर गेला असे म्हणावे, तर अर्ध्याहून थोडा अधिक एवढाच भुंगा तेथे पोहोचतो. असला भुंगा कोणत्याही बागेत आढळत नाही. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, सारे बिनचूक असूनही उत्तर अशक्य आले. तेव्हा दोष वाचण्यात होता, हे उत्तरच सांगते.

पट्टीने जे केले, तेच भास्कराचार्य 'इष्टकर्म' नावाच्या रीतीने करतात. सोयीची एखादी संख्या उत्तर म्हणून गृहीत धरावयाची, तिच्यावर उदाहरणातील सर्व क्रिया करावयाच्या, आणि मिळालेल्या संख्येची दिलेल्या संख्येशी तुलना करावयाची. 'लीलावती'त कमळांचेही एक उदाहरण आहे. कमळांचा तिसरा, पाचवा, सहावा आणि चौथा भाग चार देवतांना वाहिला, आणि उरलेली ६ कमळे गुरूंना अर्पण केली, तर एकूण कमळे किती? समजा ६० होती. मग २०, १२, १० आणि १५ मिळून ५७ गेली, ३ उरली. उरावयास हवी होती ६, म्हणजे दुप्पट. म्हणून कमळेही साठाची दुप्पट, १२०. आधी चुकीची संख्या धरून तिच्याच आधाराने खऱ्या उत्तरापर्यंत जाता येते, हा या रीतीचा मोठा दिलासा आहे. कोऱ्या कागदाकडे पाहत बसण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

विसाव्या शतकात याच विषयाचा विचार जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने केला. त्यांचा जन्म १८८७ साली हंगेरीतील बुडापेस्ट शहरी झाला. त्यांच्या आयुष्यातील एक गोष्ट येथे विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. महाविद्यालयात त्यांनी प्रथम कायदा घेतला. तो रुचला नाही म्हणून भाषा आणि वाङ्मय यांचा अभ्यास केला, आणि लॅटिन व हंगेरियन या भाषा शिकविण्याचे प्रमाणपत्रही मिळविले. गणिताकडे ते त्यानंतर वळले. पुढे ते अमेरिकेत गेले, आणि १९४५ साली त्यांनी उदाहरणे कशी सोडवावीत यावर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी चार पायऱ्या सांगितल्या आहेत. प्रश्न समजून घेणे, सोडविण्याचा बेत आखणे, बेत पार पाडणे, आणि शेवटी मागे वळून उत्तर तपासणे. वर्गात बहुतेकांचे सारे लक्ष तिसऱ्या पायरीवर असते. पहिली पायरी उडी मारून ओलांडली जाते आणि चौथीवर कोणी पाऊलच ठेवीत नाही.

पहिल्या पायरीचे काम वर भुंग्यांच्या उदाहरणात आलेच. दुसऱ्या पायरीवर, बेत सुचत नसेल तेव्हा, पोल्या एक चांगली तोड सुचवितात: तशाच प्रकारचे परंतु अधिक सोपे उदाहरण घेऊन पाहावे. समजा, कबड्डीच्या स्पर्धेत ८ संघ आहेत आणि प्रत्येक संघाला इतर प्रत्येकाशी एकदा खेळावयाचे आहे. सामने किती होतील? एकदम आठ संघांचा विचार केला तर डोके चक्रावते. त्याऐवजी दोनच संघ घ्यावेत, सामना १. तिसरा संघ आला, तर तो आधीच्या दोघांशी खेळेल; सामने ३. चौथा आला, तो तिघांशी खेळेल, सामने ६. आता वाट दिसू लागते. येणारा प्रत्येक नवा संघ आधीच्या सर्वांशी खेळतो. म्हणून १, २, ३, ४, ५, ६ आणि ७ यांची बेरीज करावी, सामने २८.

त्रैराशिकाविषयी मात्र एक सूचना द्यावीशी वाटते, कारण या रीतीचा जितका उपयोग होतो तितकाच दुरुपयोगही होतो. ५ वह्यांना ९० रुपये पडतात, तर ८ वह्यांना किती? येथे त्रैराशिक चोख बसते, १४४ रुपये. परंतु ४ मजूर एक विहीर ६ दिवसांत खणतात, तर ८ मजूर किती दिवसांत खणतील, या प्रश्नात मजूर वाढले की दिवस घटतात. म्हणून तेथे व्यस्त त्रैराशिक लागते आणि उत्तर ३ दिवस येते. भास्कराचार्यांनीही व्यस्त त्रैराशिक कोठे योजावे हे वेगळे सांगितले आहे. आणि एक धोतर उन्हात वाळावयास २ तास लागतात, तर ५ धोतरे वाळावयास किती? ज्याने दोरीवरचे कपडे कधी काढले आहेत, तो दहा तास म्हणणार नाही; पाचही धोतरे दोनच तासांत वाळतील. तीन राशी दिल्या आणि चौथी मागितली, एवढ्यावरून रीत ठरत नाही. दोन गोष्टी एकमेकींबरोबर वाढतात, एक वाढली की दुसरी घटते, की त्यांचा परस्परांशी संबंधच नसतो, हे आधी पाहावे लागते. रीतीलाही मर्यादा असतातच. त्याच विहिरीवर २४० मजूर लावले, तर काम दिवसाच्या दहाव्या भागात आटोपेल असे व्यस्त त्रैराशिक सांगेल. पण विहिरीत एवढ्या माणसांना उभे राहावयास जागा कोठून आणावी?

आता चौथी पायरी. अमेरिकेत तेरा वर्षांच्या मुलामुलींना एका परीक्षेत विचारलेले एक उदाहरण, आणि त्याला मिळालेली उत्तरे, १९८३ साली प्रसिद्ध झाली. एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात. ११२८ सैनिकांना न्यावयाचे आहे, तर बस किती लागतील? ११२८ ला ३६ ने भागले की भागाकार ३१ येतो आणि बाकी १२ राहते. सुमारे ७० टक्के मुलांनी हा भागाकार बरोबर केला. परंतु ३२ हे योग्य उत्तर लिहिणारी मुले अवघी २३ टक्के निघाली. २९ टक्के मुलांनी '३१, बाकी १२' असे लिहिले. 'बाकी १२' हा बसचा कोणता प्रकार आहे, हे त्यांना कोणी विचारले नाही. काहींनी बाकी सोडून देऊन ३१ बस सांगितल्या. त्यांचे बारा सैनिक रस्त्याच्या कडेला उभेच राहिले.

भागाकार तोच असूनही प्रश्नाप्रमाणे उत्तर बदलते. बस किती लागतील असे विचारले, तर ३२. पूर्ण भरलेल्या बस किती असे विचारले, तर ३१. शेवटच्या बसमध्ये किती सैनिक असतील असे विचारले, तर १२. म्हणून उत्तर आल्यावर उदाहरणाचे शेवटचे वाक्य पुन्हा एकदा वाचावे आणि आपले उत्तर त्या वाक्याच्या पुढे पूर्ण वाक्यात लिहून पाहावे. 'एकूण ३१, बाकी १२ बस लागतील' हे वाक्य लिहिताना हात आपणच अडखळतो.

शाळेबाहेर गुरुजी जवळ नसतात. तेथे 'बेरीज की वजाबाकी' हे सांगणारे कोणी नसते. घरातील सहावी-सातवीतले मूल आजोबांना कर्जाचा कागद वाचून दाखविते, तेव्हा त्याच्यासमोर शाब्दिक उदाहरणच असते. समजा, १०,००० रुपये एका वर्षासाठी हवे आहेत. एका ठिकाणी 'द. सा. द. शे. १२' असे लिहिले आहे, दुसऱ्या ठिकाणी 'दरमहा शेकडा २' असे लिहिले आहे, आणि दोन्हीकडे व्याज सरळ आहे. आकड्यांकडेच पाहिले तर दुसरा सावकार मोठा दयाळू वाटतो. कोठे बारा आणि कोठे दोन! पण 'द. सा. द. शे.' म्हणजे दर साल दर शेकडा. पहिल्या ठिकाणी प्रत्येक शंभर रुपयांना वर्षाचे १२ रुपये पडतात. दहा हजारांत शंभर शेकडे, म्हणून वर्षाचे व्याज १,२०० रुपये. दुसऱ्या ठिकाणी 'दरमहा' हा शब्द आहे. प्रत्येक शंभराला महिन्याचे २ रुपये, दहा हजारांना महिन्याचे २०० रुपये, आणि बारा महिन्यांचे २,४०० रुपये. दोनाचे कर्ज बाराच्या दुप्पट महाग पडते.